फळीवरची चार अक्षरं

३ एप्रिल, गुरुवार

माझं नाव विनिता. मी कोनला राहते. आमचा गणपतीचा कारखाना आहे.

एवढं लिहायला वीस मिनिटं लागली. फिजिओच्या मॅडमनी सांगितलंय, रोज उजव्या हाताने एक पान लिहायचं. काहीही लिहा, पण लिहा. ही डायरी सुताच्या एका व्यापाऱ्याने दिवाळीला दिली होती, तिच्यावर लूमचं चित्र आहे. अक्षर असं आलंय की कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेली असावी. आज इतकंच.

५ एप्रिल, शनिवार

हे काल कार्ल्याला जाऊन आले, एकवीरेच्या यात्रेला. दरवर्षी आम्ही अख्खी गाडी भरून जातो. यंदा एकटेच गेले. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "तुना पायऱ्या चढवतील काय?" खरं आहे, पण विचारून तरी बघायचं. अंगारा आणलाय, तो मुकाट्याने माझ्या हाताला लावला आणि अंघोळीला गेले. चांगदेव म्हात्रे हा माणूस तीस वर्षांत कधी दोन वाक्यं सलग बोललेला नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज हात जरा बरा आहे म्हणून सगळं लिहून टाकते.

फेब्रुवारीत कारखान्यात एका मूर्तीला अस्तर मारत होते. ब्रश खाली पडला. उचलायला गेले तर हातच गेला नाही. मग नऊ दिवस ठाण्याला दवाखान्यात. त्यातले पहिले दोन दिवस माझ्या हिशेबी नाहीतच, मी डोळे मिटून पडले होते म्हणे. आता पाय चालतात, तोंड तर आधीपेक्षा जास्त चालतं असं आमचा मुलगा कुणाल म्हणतो. उजवा हात तेवढा परका झालाय.

आमच्यात मूर्ती हे काढतात, साचा, घासकाम सगळं. रंग कुणाल बघतो. डोळे माझे. आमच्या धंद्यात त्याला आखणी म्हणतात. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढायची, मध्ये थांबलं की मेली. ही रेघ आली की माती बघायला लागते. ती शेवटी करायची, अंघोळ करून, आणि कुणी बोलायचं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी शिकवली. एकतीस वर्षं मी डोळे उघडतेय. डोळ्यांशिवाय मूर्ती आमच्या दारातून बाहेर गेलेली नाही.

आज कुणाल हळूच म्हणाला, "आई, पेणहून आखणीला माणूस बोलवू का? मेअखेर त्याला हो-नाय सांगायला लागेल, नायतर तो दुसरं काम धरेल." मी म्हटलं बघू. पोरगा वाईट नाही. ऐंशी मूर्ती बिनडोळ्यांच्या ठेवून त्याने काय करायचं? पण माझ्या पाटावर दुसरा माणूस बसलेला मला बघवणार नाही, हे मी इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे सांगणार.

आणखी एक. आज कोलंबी केली होती. ह्यांनी वाटी सरकवली. "मना नको." दवाखान्यातून आल्यापासून हेच चाललंय. माझा हात थरथरतो, मीठ जास्त पडतं, मला कळतं ना. पण तोंडावर सांगा की. खाडीकाठचा आगरी माणूस रोज वरण-भात खातो आणि वर म्हणतो पोट जड हाय! ऐकणारा हसेल.

१६ एप्रिल, बुधवार

टेमघरच्या फिजिओच्या दवाखान्यात मॅडमच्या हाताखाली फिलूमावशी आहेत. रिटायर नर्स, पासष्टीच्या पुढच्या, ख्रिस्ती, ठाण्याच्या बाजूच्या एका गावातून कशेळीच्या पुलावरचा ट्रॅफिक काढत येतात. मला चेंडू दाबायला लावतात. मी कुरकुरले की म्हणतात, "रडा, पण दाबा."

मी आत चेंडू दाबते तेव्हा हे बाहेर बाकावर असतात. तंबाखू मळत असणार, दुसरं काय. पण आज मावशी म्हणाल्या, "तुमचे मिस्टर सांगत होते, तुम्ही देवाचे डोळे काढता." मी चाट पडले. हे सांगत होते? तीस वर्षं ज्यांना घरी शब्द फुटला नाही ते बाकावर बसून माझ्या गोष्टी सांगतात!

मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे एक जुनी लाकडी फळी आहे. चित्र आहे त्यावर. बघाल का?" मी हात दाखवला. तो थरथरत होता. म्हणाल्या, "हातच बघून विचारतेय."

२३ एप्रिल, बुधवार

फळी घरी आली, जुन्या चादरीत गुंडाळून. हातभर रुंद, दीड हात लांब. मेणबत्त्यांच्या काजळीने काळी पडलीय, एका कोपऱ्याला वाळवीने खाल्लंय. मावशींच्या पणजीच्या वेळची आहे. पंचवीस मेला त्यांच्या गावात क्रुसाचा सण असतो, घराजवळच्या क्रुसापाशी सगळे जमतात, प्रार्थना होते, त्या दिवशी ही फळी तिथे लावायची. गेली बारा वर्षं लावलेली नाही, लाज वाटते अशी झालीय म्हणून. मुंबईला असं काम करणारे आहेत, पण ते परवडणारं नाही.

काळ्यातून थोडं दिसतं. वर ढगात मेरीमाता, कडेवर बाळ. खाली एक खाट, खाटेवर बाई. खाटेच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसलेला पुरुष, डोक्याला लाल रुमाल, लंगोटीवर, अगदी आपल्याकडच्या जुन्या माणसांसारखा. सगळ्यात खाली काळा पट्टा, त्यावर काहीतरी लिहिलेलं असावं.

मी म्हटलं, परत देऊन टाका, माझ्या हातून वाटोळं होईल. हे म्हणाले, "घे गो. नुसती पूस तरी." कुणाल म्हणाला, "पाण्याचा रंग वापर, चुकलं तर पुसता येतो." दोघं एकदम एका सुरात बोलले, घरात हे क्वचितच होतं.

२६ एप्रिल, शनिवार

कापसाची काडी ओली करायची, नखाएवढी जागा पुसायची, काडी टाकून द्यायची, दुसरी घ्यायची. चार दिवसांत हाताला ही चाल जमली. मॅडमच्या चेंडूपेक्षा बरी. आज तीन तास बसले आणि हात थरथरतोय हे दोनदा विसरले.

खालच्या पट्ट्यातली अक्षरं उजळली. पिवळ्या रंगात, इंग्रजी लिपीत. वरच्या ओळीत दोन शब्द, कुणालने वाचले: एक्स व्होटो. खालच्या ओळीत चार सुटी अक्षरं, प्रत्येकापुढे टिंब: व्ही, एफ, जी, ए. मी म्हटलं, कारखान्याचं नाव असणार. आम्ही पण पाटाच्या मागे टाकतो की, नाव आणि फोन नंबर. फोन तेव्हा नव्हता म्हणून नुसती अक्षरं.

३० एप्रिल, बुधवार

मावशींना कारखान्याचं सांगितलं तर इतक्या हसल्या की मॅडम डोकावून गेल्या. मग गळ्यातला क्रूस पुढे धरला. त्याच्या माथ्यावर बारीक पट्टी, तिच्यावरही चार अक्षरं, पण वेगळी: आय, एन, आर, आय. "ही कुठल्या कारखान्याची?" म्हणाल्या. मी खरंच तसंच समजत होते. लहानपणापासून रस्त्याकडेच्या क्रुसांवर तीच चार अक्षरं बघत आलेय, मला वाटायचं एकच घराणं सगळीकडे काम करतंय.

ती लॅटिन आहे म्हणे, त्यांच्या धर्माची जुनी भाषा, आपली पूजेला संस्कृत तशी. क्रुसावरच्या चार अक्षरांचा अर्थ, 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा'. मला वाटलं गौरव केलाय. मावशी म्हणाल्या, "गौरव नाही, तो त्याच्यावरचा आरोप आहे. शिक्षा कशाबद्दल ते वर लिहून लावायची तेव्हा रीत होती." म्हणजे ज्यांनी मारलं त्यांनी टांगलेली पाटी, आणि लोक तीच दोन हजार वर्षं गळ्यात घालतात. घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते.

आणि एक्स व्होटो म्हणजे 'नवसाप्रमाणे'. मी म्हटलं, "म्हणजे नवस फेडलाय?" म्हणाल्या, "हो. दुखणं आलं, नवस केला, बरं वाटलं, की चित्र काढून घेऊन देवळात लावायचं." आपण पाळणा वाहतो, घंटा बांधतो, तसंच की! इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. खालच्या चार अक्षरांचं त्यांनाही आठवेना. आजी सांगायची, विसरले म्हणाल्या, फादरना विचारते.

७ मे, बुधवार

हे आज पुन्हा पिठलं मागून जेवले. मी मुद्दाम सुकट भाजली होती, अख्ख्या आळीत वास गेला. हे दारात जाऊन उभे राहिले, लांब श्वास घेतला, आणि आत येऊन पिठलं खाल्लं. म्हटलं, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, "मना काय झालंय?" आता ह्याला काय म्हणावं?

११ मे, रविवार

आज मला पेढे वाटावेसे वाटताहेत.

पुसण्याचं काम संपलं होतं. रंग उडालेल्या जागा कालपर्यंत भरल्या. खाट झाली, चादरीच्या घड्या झाल्या, लाल रुमाल झाला. राहिला खाटेवरच्या बाईचा चेहरा. फार खराब झाला होता, कपाळावर तडे, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फिकट सावल्या. डोळे उडून गेले होते. असा बिनडोळ्यांचा चेहरा मला बघवेना.

सकाळी अंघोळ केली. नवा ब्रश घेतला. कुणालला म्हटलं, बोलू नको. उजव्या हाताखाली डावी मूठ टेकू म्हणून ठेवली, श्वास घेतला, आणि ओढली. एका श्वासात! आली. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा डोळा, आणि वरची पापणी नदीच्या वळणासारखी आली. दुसरीही आली. मग बुबुळं, मग पांढरा ठिपका. बाई माझ्याकडे बघायला लागली.

मी रडले. कुणालने फळी खिडकीशी नेऊन उजेडात धरली, खूप वेळ बघितली आणि म्हणाला, "आई, ही तुझीच रेघ हाय." आई एकवीरे, मेरीमाते, जे कोणी ऐकत असाल, माझा हात मला परत दिलात. तुमचे उपकार कसे फेडू?

हे हात पुसत आले. फळी बघितली, माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला, जसं काही बाजारात पारखत होते, आणि विचारलं, "गणपतीचे डोलं कवा काढशील?" मी म्हटलं जुलैत, नेहमीसारखे. नुसतं "हां" म्हणाले. कौतुकाचा एक शब्द नाही, लगेच कामाचं!

१४ मे, बुधवार

फिलूमावशी आज दवाखान्यातून आमच्या घरी आल्या, फळी बघायला. मी चादर बाजूला केली. त्या खुश झाल्या, मेरीमातेचा निळा रंग बघून हात जोडले. मग चित्रातल्या खाटेकडे बघितलं आणि जोडलेले हात खाली घेतले. नर्सचा चेहरा, काही दाखवत नाही, पण मला कळलं.

"विनिताताई," म्हणाल्या, "हिचे डोळे मिटलेले होते."

मला आधी समजेना. त्या सावल्या म्हणजे उडालेले डोळे नव्हते, मिटलेल्या पापण्या होत्या. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. एकतीस वर्षांत मी मिटलेला डोळा काढलेला नाही, आमच्याकडे चेहरा आहे म्हणजे डोळे उघडायचे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी म्हटलं, "पण ती बरी झाली ना? नाहीतर नवस कशाला फेडतील?"

"झाली तर. म्हणून तर मी आहे. ती माझी पणजी. बाळंतपणात ताप डोक्यात गेला होता, सात दिवस डोळे उघडले नव्हते."

"मग उघडे राहू देत की! बरंच झालं उलट."

मावशी आमच्या खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, फादरनी चार अक्षरं उलगडून सांगितली. वोटुम फेचित, ग्रात्सिआम आक्चेपित. नवस केला, कृपा मिळाली. "बघा, बरं झाल्याचं सगळं इथे खाली लिहिलंय. चित्रात बरं झालेलं काढतच नाहीत. चित्रात सगळ्यात वाईट दिवस काढायचा. भीती वर, आभार खाली. वरची भीती पुसली तर खालचे आभार कशाचे?"

 मग राहवेना म्हणून विचारलं, "इतकी आजारी होती, तर नवस तिने केला कधी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी चेंडू उलट्या हाताने दाबतेय. "अहो, जो शुद्धीत नाही तो कसला नवस करतो? जो जागा असतो तो करतो." आणि लाल रुमालवाल्यावर बोट ठेवलं.

"काय बोलला होता तो?"

"ते कधीच लिहीत नाहीत. ते त्याचं आणि मातेचं. नुसतं एवढंच लिहायचं, की केला."

जाताना म्हणाल्या, डोळ्यांचं तुम्ही ठरवा, मी जबरदस्ती करणार नाही. कुणाला कळणारही नाही. हे त्यांना गाडीवर नाक्यापर्यंत सोडायला गेले, आणि तासाभराने आले. नाका पाच मिनिटांवर आहे.

१५ मे, गुरुवार

पुसले.

ओल्या कापसाची एकच काडी पुरली. इतके दिवस ज्या रेघेची वाट बघितली ती अशी निघाली, जणू कधी नव्हतीच. खाली जुन्या पापण्या तशाच होत्या, त्या चित्रकाराने फार मायेने मिटल्या होत्या. कडेला रंग उडाला होता तेवढा भरला. कुणाल म्हणाला, "निदान फोटो तरी काढायचा होतास." मी म्हटलं, हाताला आठवतंय ना, झालं.

वाईट वाटलं. पण खोटं वाटलं नाही.

१८ मे, रविवार

आज सकाळी मासळीवाली दारावर आली. मी नेहमीसारखं आत तोंड करून ओरडले, "अहो, काय घेऊ?" हे म्हणाले, "तुमाला घ्या. मना वरण कर." आणि मी टोपली बघत तिथेच उभी राहिले.

फेब्रुवारीत मी दवाखान्यात होते. दोन दिवस डोळे मिटून. तेव्हा जागं कोण होतं?

कॅलेंडर बघायची गरज नव्हती, मला तारीख पाठ आहे. घरी आले त्या संध्याकाळी शेजारणीने बोंबलाचं कालवण पाठवलं होतं. ते ह्यांनी खाल्लं नाही. तेव्हा तर मी चुलीपाशी गेलेही नव्हते! मीठ माझं नव्हतंच. कार्ल्याला एकटे गेले. "गणपतीचे डोलं कवा काढशील?" विचारलं. आणि मी शहाणी, इथे पानोपानी मिठाचं रडगाणं लिहून ठेवलंय.

मासळीवाली म्हणाली, ताई, बरं नाही का? मी म्हटलं, खूप बरं आहे गं.

ह्यांना काही विचारलं नाही. फिटल्याशिवाय नवस बोलून दाखवत नाहीत, आणि मी विचारलं तर बिचारा खोटं बोलायला जाईल, ते त्याला जमत नाही. वरणाला आज लसूण-मिरचीची चांगली खमंग फोडणी दिली, आणि शेवग्याच्या शेंगा घातल्या. दोनदा मागून घेतलं. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, डोळे पुसायला.

आता हा हात माझ्या एकटीचा राहिला नाही. ह्या माणसाचं कालवण त्याच्यावर अडकलंय.

२५ मे, रविवार

क्रुसाच्या सणाला जाऊन आलो, मी आणि हे. कशेळीला ट्रकच्या रांगेत पाऊण तास गेला. मावशींच्या गावात आता चारी बाजूंनी टॉवर आहेत, मध्ये ही थोडी घरं आणि पांढरा क्रूस, झेंडूच्या माळा घातलेला. बायका नऊवारीत. प्रार्थना मराठीतच, मला सगळी समजली. फळी क्रुसाच्या पायाशी लावली होती. एका म्हातारीने पणजीच्या मिटलेल्या डोळ्यांवरून बोट फिरवलं आणि मग खालच्या अक्षरांवरून. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठे काय आहे ते माहीत होतं.

मावशींनी माझी ओळख करून दिली, "हिने आमची पणजी आम्हाला परत दिली." मी कसली देणार? मला तर त्यांनी दिलंय. हात दिला, आणि घरात कोण राहतं ते दाखवलं. पण माझ्या तोंडून नुसतं "बरं झालं" एवढंच निघालं. ह्यांचा गुण लागला बहुतेक.

निघताना त्यांनी बॉटल मसाला दिला, घरी कुटलेला, बिअरच्या बाटलीत ठासून भरलेला. "मासळीला घाला," म्हणाल्या, आणि ह्यांच्याकडे बघून गालात हसल्या. ह्यांनी परतीच्या रिक्षात बूच काढून वास घेतला, परत लावलं, आणि बाटली घरापर्यंत मांडीवर धरून ठेवली.

३० मे, शुक्रवार

कुणाल अंगणात फोनवर बोलत होता. मी दाराआडून ऐकलं, ऐकायचंच होतं म्हणून. "नाय दादा, यंदा नको. आखणीला आई हाय."

पोरा, तुझं भलं होवो. आणि माझी लाज राहो.

११ जून, बुधवार

रोज फुटक्या मूर्तीच्या तुकड्यांवर सराव. विसात आठ बऱ्या येतात.

२९ जून, रविवार

विसात सतरा. उरलेल्या तीन डोळ्यांना बघून कुणाल म्हणाला, हे गणपती रात्रपाळी करून आलेत.

१६ जुलै, बुधवार

आज पहिली आखणी.

मूर्ती मुद्दाम छोटी घेतली, हातभराची. अंघोळ, नवा ब्रश, कुणी बोलायचं नाही. कुणाल भिंतीला टेकून उभा. हे उंबऱ्यावर बसले, पाठ माझ्याकडे करून. एरवी आखणीच्या वेळी हे समोर असतात. आज बघायची छाती झाली नसावी.

पहिली रेघ अर्ध्यात थरथरली. पुसली. हात मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. उंबऱ्यावरची पाठ हललीसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, आई एकवीरे, माझ्यासाठी नाही, त्या पाठीसाठी. श्वास घेतला.

आली. मग दुसरी. मग बुबुळं, मग पांढरा ठिपका.

"बघा आता," मी म्हटलं.

हे उठले, मूर्तीसमोर आले, गणपतीच्या डोळ्यांत बघितलं. हात जोडले. मग चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. कुणाल म्हणाला, "बाबांना काय झालं?" मी म्हटलं, तू पीठ मळ, आज भाकऱ्या जास्त लागतील. तो परात शोधायला गेला.

तासाभराने आले. हातात पिशवी, पिशवीत खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या, जिवंत, उड्या मारत होत्या. पिशवी माझ्यापुढे ठेवली. "कालवन कर. मसाला त्या बाटलीतला घाल."

पाच महिन्यांनी. चार भाकऱ्या खाल्ल्या, बोटं चाटली, काटे ओळीने ताटाच्या कडेला मांडले. मी समोर बसून बघत होते. म्हणाले, "मीठ बराबर हाय." मी हसता हसता रडले, आणि ह्यांना काही कळलं नाही, किंवा सगळं कळलं.

२० जुलै, रविवार

मूर्तीच्या पाटाचा एक तुकडा उरला होता. चार दिवस दुपारचं कुणाला न दाखवता रंगवत होते.

वर डोंगरावर एकवीरा. खाली दवाखान्याची लोखंडी खाट, तिच्यावर मी. आयुष्यात पहिल्यांदा मिटलेले डोळे काढले. सोपे नसतात, उघड्यांपेक्षा अवघड. खाटेशेजारी स्टुलावर हे, पांढरी टोपी, मांडीवर ताट. ताटात नुसता भात. सगळ्यात खाली पिवळ्या रंगात चार अक्षरं, मावशींच्या फळीवरची, तशीच, टिंबांसकट.

आज संध्याकाळी हे कारखान्यातून आले तेव्हा भिंतीला टेकवून ठेवली. हात न धुता समोर उकिडवे बसले. आधी खाटेकडे बघितलं. मग स्टुलाकडे.

"हे काय लिवलंस खाली?"

"नवस केला, कृपा मिळाली."

"कुनी केला?"

"जो जागा होता त्याने."

ह्यांनी टोपी काढली, डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मी पाणी आणायला आत गेले, मुद्दाम वेळ लावला. परत आले तेव्हा फळीच्या अगदी जवळ जाऊन ताटावर बोट ठेवून बसले होते.

"ताटात एक निवटी तरी काढाची," म्हणाले. "आता तं फिटला ना नवस."

"चित्रात वाईट दिवसच काढायचा असतो," मी म्हटलं. "मासा अक्षरांत आहे."